कॉलेजचा ग्रंथपाल



जून महिना आला की माण-खटावकडची, जत-आटपाडीकडची मुले एस.टी.ने साताऱ्याला, कराडला, सांगलीला येतात. कॉलेजची फी भरतात. त्या फीत ग्रंथालयाचे पैसेही असतात. पण त्या ग्रंथालयात आपल्या मुलाला कोण भेटणार, हे आपण पालक कधी विचारतो का?

मी पूर्वी एका कॉलेजात शिकवत होतो. तेथील ग्रंथपाल निवृत्त झाले आणि चाव्या कार्यालयातल्या एका लेखनिकाकडे आल्या. माणूस मोठा प्रामाणिक. एकही पुस्तक त्याने हरवू दिले नाही. पण हरवू नये म्हणून कपाटेच बंद ठेवली! माणदेशातली एक मुलगी दुष्काळावर निबंध लिहिणार होती. ती पुस्तक मागायला गेली, तर म्हणाला, "पुस्तकाचं नाव सांगा, लेखक सांगा." आता नाव ठाऊक असते तर ती बिचारी विचारायला कशाला गेली असती?

पुढे ग्रंथालयशास्त्र शिकलेला एक तरुण तेथे मानधनावर आला. त्याने त्या मुलीला सातारा जिल्ह्याचे १८८५ सालचे गॅझेटिअर काढून दिले. १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकत कोठे आहे, ते पान उघडून दाखवले. इंग्रजी अडले तेथे शेजारी बसून अर्थ सांगितला. ग्रंथपाल म्हणतात तो हा.

तो दोन वर्षे राहिला. एप्रिलात नेमणूक संपायची, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. शेवटी पुण्याला चांगली जागा मिळाली आणि तो गेला. त्याला दोष कसा द्यावा? मागे राहिली ती अर्धी पुस्तके संगणकात आणि अर्धी जुन्या दाखल नोंदवहीत.

या शास्त्राचे आपल्या देशातले आद्य आचार्य डॉ. रंगनाथन. तेही एकदा असेच निघाले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, कारण तेथे पगार अधिक होता. पण त्या एकांतात त्यांचा जीव रमेना. थोड्याच दिवसांत ते प्राचार्यांकडे परत गेले आणि म्हणाले, मला माझा वर्ग द्या. त्यांना सांगण्यात आले की, आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या. मग कंटाळा आला तर बघू. ते लंडनला शिकले, तेथील कितीतरी ग्रंथालये पाहिली, आणि परत आल्यावर पुन्हा वर्ग मागितला नाही. वीसएक वर्षे ते त्याच जागी राहिले. १९३१ सालचे त्यांचे पाच सिद्धांत त्याच काळातले. पगाराने त्यांना आणले खरे, पण ठेवून घेतले ते कामाच्या गोडीने. आपण आज धड पगारही देत नाही आणि गोडी लागेपर्यंत थांबतही नाही!

आज कॉलेजच्या ग्रंथपालाला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते; प्राध्यापकाहून पात्रता काही कमी नाही. असे विद्यार्थी आपल्याच मुलखात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकतात. माणसे आहेत, पण जागा रिकामी राहते आणि 'प्रभारी' शब्दावर वर्षे निघतात. वर्गावर शिक्षक नसला तर मुले ओरडा करतात. ग्रंथपाल नसला तर कोण ओरडणार? कपाटे तर बोलत नाहीत.

शिक्षकबंधूंनाही माझे एक सांगणे आहे. ग्रंथपालाला पुस्तके मोजणारा कारकून समजू नका. सत्राच्या पहिल्या आठवड्यात आपला एक तास त्याला द्या. पुस्तक कसे शोधावे हे त्याने मुलांना सांगावे, आपण मागच्या बाकावर बसून ऐकावे. मी हे केले आहे, आणि चार गोष्टी मलाही नव्या कळल्या.

ती माणदेशातली मुलगी आता शाळेत शिकवते. मध्यंतरी धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी आमच्याकडे आली होती. फीचे नंतर विचारले. आधी म्हणाली, "सर, ग्रंथपाल कायमचे आहेत ना?"