आधी टपाल, मग माणसं

नागपूर, पुणे, कोल्हापूर आणि थेट भुजहून आलेले अभ्यासक, हवाई पाकिटं जमवणारे संग्राहक, विमानं उडवणारे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती दुरुस्त करणारे स्नेही, आणि माझ्या उपनगरवासी बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. घाटकोपरकर मेट्रोने आरामात आले असतील, बोरिवलीकरांना लोकलची सवयच आहे. पण मुलुंडकर जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने वेळेवर पोहोचले, म्हणून त्यांचं स्वागत थोडं जास्त.

हवाई टपालाच्या इतिहासाचं संमेलन अंधेरीत का, असं काहींनी विचारलं. उत्तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. जुहूचा विमानतळ आम्हा उपनगरकरांना हल्ली एकाच नात्याने माहीत असतो. सोसायटीचा पुनर्विकास निघाला की वास्तुविशारद सांगतो, ‘तुम्ही फनेल झोनमध्ये आहात, इतकेच मजले मिळतील.’ मग सभासद विमानतळाला दोन शब्द सुनावतात आणि सभा चहापाण्याकडे वळते. ज्या जमिनीमुळे आपले दोन मजले गेले, त्या जमिनीने देशाला काय दिलं, हे त्या सभेत कोणी सांगत नाही. ते आज सांगावं म्हणून मी उभा आहे.

अशा प्रसंगी १८९५ सालच्या चौपाटीवरच्या विमानाचा उल्लेख करायची आपल्याकडे रीत पडली आहे. मी ती पाळणार नाही. शिवकर बापूजी तळपदे हे खरेखुरे, धडपडे गृहस्थ होते. पण त्यांचं विमान आकाशात गेल्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. आपल्याकडे कागदोपत्री इतिहास भरपूर असताना ऐकीव गोष्टींवर अभिमान पोसायची गरज काय?

तो कागदोपत्री इतिहास असा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने नेली. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल म्हणून ते उड्डाण नोंदलं गेलं. पुढे जानेवारी १९२० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने हवाई दलाच्या विमानांनी कराची-मुंबई टपाल सुरू झालं आणि काही आठवड्यांतच बंद पडलं. म्हणजे १९३२ मध्ये जुहूला टाटांचं टपाल सुरू झालं, तेव्हा विमानातून पत्रं नेणं नवं राहिलं नव्हतं. ती दर आठवड्याला, ठरल्या वेळी, पाऊस असो वा ऊन, नेत राहणं मात्र अवघड होतं. जुहूने ते करून दाखवलं. पराक्रमापेक्षा वेळापत्रक अवघड असतं, असं माझं मत आहे, आणि या संमेलनात त्यावर वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे.

जुहूचा तळ १९२८ सालचा, देशातला पहिला नागरी विमानतळ. तळ म्हणजे काय, तर समुद्राकाठची चिखलाची सपाटी. त्याच वर्षी मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी, यांना देशात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावरचा क्रमांकच १. पुढच्या वर्षी आगा खान पारितोषिकासाठी इंग्लंड-हिंदुस्थान उड्डाणाची स्पर्धा लागली. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अस्पी इंजिनिअर हा पोरसवदा तरुण इंग्लंडहून इकडे. इजिप्तमध्ये अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अस्पी थोडक्यात जिंकला आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा माणूस धंदा कसा करील, असं तेव्हा कोणाला वाटलंही असेल.

हवाई टपालाच्या धंद्याची कल्पना मात्र जेआरडींची नव्हती. ती नेव्हिल व्हिन्सेंट यांची. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला हा वैमानिक १९२९ मध्ये विमानं घेऊन इथे आला आणि गावोगाव लोकांना हवेत फिरवून आणू लागला. इम्पीरियल एअरवेजचं लंडनहून येणारं टपाल त्याच वर्षापासून कराचीपर्यंत येत होतं. तिथून पुढे दक्षिणेकडे ते रेल्वेने जाई. कराची-मुंबई-मद्रास हा तुकडा आपण उडवू, असं व्हिन्सेंट यांनी जेआरडींना सुचवलं. टाटा उद्योगाचे प्रमुख सर दोराबजी टाटा राजी नव्हते. टाटांचे वरिष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी त्यांची समजूत घातली. दोन लाखांच्या आसपास भांडवलाचा प्रश्न होता. सरकारने मात्र अनुदानाला नकार देत वर्षं घालवली. शेवटी अनुदान नको, टपालाच्या वजनावर मोबदला द्या, इथवर खाली आल्यावर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. दोराबजी जूनमध्ये गेले; पहिलं उड्डाण त्यांनी पाहिलं नाही.

आता त्या विमानाविषयी, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक त्याच्यासाठीच आले आहेत. डी हॅविलंड कंपनीचं पुस मॉथ. संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांना पतंग-फुलपाखरांचा नाद होता, म्हणून त्यांची विमानं पतंगांच्या नावांची. एक इंजिन, १२० अश्वशक्तीचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. इंजिन उलटं बसवलेलं, त्यामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसे. बंद केबिन ही त्या काळी चैन होती. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये उघड्यावर, वारा खात बसावं लागे. ब्रेकची युक्ती तर मजेदार: चाकांच्या दांड्यांवरची आवरणं काटकोनात वळवली की ती वाऱ्याला आडवी येत आणि वेग कमी होई. पंख घडी घालून मागे दुमडता येत. असं विमान उद्या कोणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं केलं, तर बहुधा सेक्रेटरीच हरकत घेईल.

या टीचभर विमानाने लांब पल्ल्यात काय काय केलं! जेआरडींच्या उड्डाणाआधी दोनच महिने, ऑगस्ट १९३२ मध्ये, जिम मॉलिसन यांनी पुस मॉथमधूनच पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने अटलांटिक ओलांडला. असं करणारा तो पहिला माणूस. नोव्हेंबरमध्ये त्यांची पत्नी एमी जॉन्सन पुस मॉथमधून लंडनहून केपटाऊनला गेली. पण याच विमानाचे पंख हवेत मोडून अनेक अपघात झाले, आणि ऑस्ट्रेलियाचा नामवंत वैमानिक बर्ट हिंकलर जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात पुस मॉथसह कोसळून गेला. पंखांच्या आधारदांड्या मग मजबूत करण्यात आल्या. जुहूचे वैमानिक दर आठवड्याला ज्या यंत्रात बसत, ते असं होतं.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रीघ रोडहून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी सुमारे २५ किलो टपाल घेऊन पुस मॉथ उचललं. रेडिओ नाही, जमिनीवर दिशा दाखवायला काही नाही. खाली किनारा, नद्या, रूळ बघत जायचं. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून डब्यांत आलं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. तिथे पुढची थैली घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या पुस मॉथमध्ये निघाले. रात्री उडायची सोय नसल्याने बेल्लारीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी मद्रास. एवढीच घटना. एक दिवस, दोन माणसं, एक टपालाची थैली. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

आपला पावसाळा. भरतीच्या वेळी जुहूची सपाटी पाण्याखाली जाई. मग पुण्याचं येरवडा. दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, असा अख्खा संसार जुहूहून उचलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानात मांडायचा. पुणेकर पाहुण्यांनो, देशाची हवाई टपालसेवा पावसाळ्यात तुमच्याकडे राहायला असे, ही नोंद तुमच्या अभिमानाच्या यादीत नसेल तर आज करून घ्या. तो तिसरा वैमानिक म्हणजे होमी भरूचा. पावसात ढगांनी भरलेला सह्याद्री एका इंजिनावर, रेडिओशिवाय ओलांडायचा. ज्यांनी जुलैत खंडाळ्याचा घाट गाडीने चढला आहे, त्यांना मी काय सांगू?

आणि तरीही पहिल्या वर्षात सेवेचा नियमितपणा शंभर टक्के राहिला. एक लाख साठ हजार मैल उड्डाण, १५५ उतारू, दहा टनांच्या आसपास टपाल आणि साठ हजार रुपये नफा. सरकारच्या नागरी विमान खात्याने १९३३-३४ च्या अहवालात या नियमितपणाची तोंडभरून तारीफ केली. ज्या सरकारने अनुदानाची पै दिली नव्हती, त्याच सरकारने. उतारूंचा आकडा पाहा: वर्षभरात १५५. आज एका विमानात याहून जास्त बसतात. टपालाने इंधनाचा, पगाराचा, सुट्या भागांचा खर्च भागवला, म्हणून पुढे माणसांना जागा मिळाली. आपल्याकडचा प्रवासी विमानधंदा उभा राहिला तो पत्रांच्या वजनावर. पुढे हा मार्ग त्रिवेंद्रमपर्यंत गेला, दिल्लीलाही टाटांची विमानं जाऊ लागली, २९ जुलै १९४६ रोजी कंपनीचं नाव एअर इंडिया झालं, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा. हे सगळं आपणाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. व्हिन्सेंट यांचं नाव मात्र घ्यायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं. जुहूत त्यांच्या नावाचा एखादा रस्ता असता तर मला बरं वाटलं असतं.

नागपूरकरांनी माझ्यावर रागावू नये, त्यांची पाळी आता. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं संध्याकाळनंतर सुटत आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. आज टाकलेलं पत्र उद्या दुसऱ्या टोकाच्या महानगरात, तेही जादा आकाराशिवाय. मोठमोठ्या कुरिअर कंपन्यांची जी पद्धत आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात, ती नागपूरला तेव्हा रोज रात्री चालत होती. उद्या सकाळच्या सत्रात नागपूरचे अभ्यासक यावर बोलणार आहेत. ते सत्र चुकवू नका.

जुहूचं पुढे काय झालं? मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहू मागे पडलं. पण विसरलं जाणं त्याला मंजूर नसावं. जुलै १९५३ मध्ये सांताक्रूझला यायचं बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं. काही दिवसांनी ते हलकं करून उडवून नेलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ याच चुकीने इथे आलं आणि धावपट्टीच्या बाहेर गेलं. हेतुपुरस्सर आलेल्यांत दोघांची नावं सांगतो. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथमधून कराचीहून पुन्हा जुहूला उतरले. आणि १५ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईची वैमानिक आरोही पंडित भुजहून अहमदाबादमार्गे एका छोट्या हलक्या विमानातून जुहूला आली. तिने निघायला भुज निवडलं, जिथली बॉम्बहल्ल्यात उखडलेली धावपट्टी १९७१ च्या युद्धात माधापरच्या बायकांनी दुरुस्त करून दिली होती. भुजच्या पाहुण्यांना इथे आपलंच घर वाटावं, याला एवढं कारण पुरे.

व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल, ते पदरात घ्या. जेवण खालच्या दालनात आहे, आणि प्रदर्शन पाहून मगच जेवायला जावं, अशी विनंती आहे. उलट केलं तर प्रदर्शन राहून जातं.

शेवटी यजमान या नात्याने एक मागणं. उपनगरांतल्या कित्येक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत कराची, मद्रास, नैरोबी, लंडनहून आलेली पत्रं पडून आहेत. घर रिकामं करताना ती रद्दीत जातात, किंवा नातवंडं तिकिटं कापून घेतात आणि पाकीट फेकून देतात. तिकीट दुकानात मिळेल. पाकिटावरचे शिक्के, तारखा, कुठून कुठे गेलं याच्या खुणा पुन्हा मिळणार नाहीत, आणि विमान कोणत्या दिवशी खरोखर पोहोचलं, याचा पुरावा तोच असतो. या दालनाच्या दाराशी स्कॅनर घेऊन आमचे कार्यकर्ते दोन्ही दिवस बसणार आहेत. पाकीट आणा, ते तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतील. फक्त तिकीट कापू नका.