काचबिंदू: असलेली दृष्टी राखू या



“मोतीबिंदू पिकू दे, मग काढू,” असे आपण म्हणतो. पण अंधुक दिसण्याचे कारण काचबिंदूही असू शकते. त्यात बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची शीर सुकते. बरेचदा दुखतही नाही. बाजूचे दिसणे हळूहळू जाते. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. थेंबांनी दाब उतरला नाही, तर शस्त्रक्रिया करून डोळ्यातील पाण्याला वाट देतात. आज रूढ असलेली पद्धत इंग्लंडच्या डॉ. केअर्न्स यांनी १९६८ साली मांडली. तीही उरलेली दृष्टी राखण्यासाठीच!

म्हणून चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. दाब व शीर तपासून घ्यावी. आईवडिलांना काचबिंदू असल्यास तर नक्कीच. आपल्या डोंबिवली-कल्याणच्या लोकलने भायखळ्याला उतरले, की जे. जे. रुग्णालयात नेत्रविभाग आहे. सासूबाईंना नेऊ, तेव्हा आपलेही डोळे दाखवू या.