कुलूप आणि पंधरा दिवस

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत मुलींची प्रतिनिधी आहे. टर्म संपली की परिषदेनं काय केलं, काय राहिलं ते मुलांना सांगायचं असतं. तसं ते कॉलेजात सांगून झालं. पण त्यातली एक गोष्ट तुमची आहे, म्हणून इथं आले.

आधी एक खरं सांगते. मी मतं घेऊन निवडून आलेली नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परिषदेसाठी निवडणुकीची तरतूद आहे, पण आमच्याकडे नावं सरांनीच ठरवली. तुमच्या बचत गटाची अध्यक्ष बँकेच्या साहेबांनी ठरवली तर कसं वाटेल, तसंच! निवडणूक घ्या असा अर्ज आम्ही दिलाय. उत्तर आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक लॉ कॉलेजात मोफत कायदा सल्ला केंद्र असावं लागतं. आमचं केंद्र मुलंच चालवतात, वर एक मॅडम असतात. मागच्या उन्हाळ्यात परीक्षा लागल्या आणि आम्ही केंद्र बंद केलं. चावी माझ्याकडे होती.

त्याच आठवड्यात एक मावशी एसटीनं आल्या. त्यांचा नवरा आधी गेला, मग सासरे गेले. सासऱ्यांच्या जमिनीवर दिरानं वारस म्हणून फक्त स्वतःचं नाव लावायला दिलं होतं. तलाठ्याकडून फेरफारची नोटीस आली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस. मावशींनी दाराला कुलूप पाहिलं आणि परत गेल्या. त्या पुन्हा आल्या तेव्हा जून उजाडला होता आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली होती.

हिंदू वारसा कायद्यात सासऱ्यांच्या आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे हक्क होता, कागद हातात होता, आणि आमच्या दाराला कुलूप होतं. सुदैवानं प्रांताकडे अपील करायला साठ दिवस असतात, ते सरले नव्हते. आम्ही विद्यार्थी, कुणाचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. म्हणून मावशींना तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. ही समिती तालुक्याच्या कोर्टात असते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. हे 1987 च्या कायद्यात लिहिलंय. कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर सांगा, बाईला लागत नाही. अपील दाखल झालं, अजून चालू आहे. पंधरा दिवसांत एका पानाचा हरकतीचा अर्ज दिला असता तर एवढ्या खेपा पडल्या नसत्या. हे मला अजून टोचतं.

म्हणून या टर्मला परिषदेत मी हाच विषय लावून धरला. पोरं कुरकुरली. अभ्यास कधी करायचा, शिवाय सत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही आणि केंद्रातले तास हजेरीत धरत नाहीत. त्यांचंही चूक नाही. ते तास धरावेत असं प्राचार्यांना लिहून दिलंय, निर्णय व्हायचाय. तोवर परीक्षेच्या दिवसांत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार केंद्र उघडं राहील. ज्याचा दुसऱ्या दिवशी पेपर नाही तो बसेल.

दारावर फळा लावलाय. पैसे स्नेहसंमेलनाच्या खर्चातून काढले, त्यावरूनही थोडं वाजलं. फळ्यावर समितीचा पत्ता आहे आणि विधी सेवेचा फोन नंबर, 15100. लिहून घ्या, एक पाच एक शून्य शून्य.

वहीत एक रकाना वाढवलाय, 'शेवटची तारीख'. तुम्ही याल तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल, की नोटीस हातात कधी पडली? म्हणून पाकीट फेकू नका, त्यावर टपालाचा शिक्का असतो. सातबारा, मृत्यूचा दाखला आणि नोटीस एवढं पिशवीत घालून या. सगळं नसलं तरी या, थांबू नका.

मी आता परीक्षा देऊन बाहेर पडेन. वही आणि चावी दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे दिली आहे. मावशींची पुढची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिली आहे.