पात्रतेचे दार आणि गावचे मैदान

(जोयडा तालुक्यातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिल १९७४ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई युवक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण यांच्यात २-२ अशी बरोबरी झाली व दोन्ही देशांना संयुक्त विजेते म्हणून घोषित करण्यात आले. भारतीय संघाचे नेतृत्व हैदराबादच्या शब्बीर अली यांच्याकडे होते आणि प्रशिक्षक होते अरुण घोष. युवक गटात आशियाचे अजिंक्यपद भारताच्या वाट्याला आले, तो हा एकच प्रसंग. या यशानंतर आपल्या युवक संघांची वाटचाल कशी झाली आणि त्या वाटचालीचा जोयडा तालुक्यातील शाळेशी व ग्रामपंचायतीशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार करणे हा या भाषणाचा हेतू आहे.

१९७४ साली युवकांसाठी जागतिक फुटबॉल स्पर्धा अस्तित्वात नव्हती. ती १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाली. सोळा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली व पुढे ती सतरा वर्षांखालील मुलांची झाली. तेव्हापासून आशियाई स्पर्धेला दुहेरी महत्त्व आले. प्रथम पात्रता फेरीतील गटात वरचे स्थान मिळवायचे, मग आशियाई स्पर्धेत खेळायचे आणि तेथे अखेरच्या मोजक्या संघांत आलो तरच जगाच्या मैदानावर जायचे, अशी ही चढण आहे. भारत ज्या वेळी शिखरावर होता, त्या वेळी पुढचे दारच बांधलेले नव्हते. आणि दार बांधले गेले तेव्हा आपण पायथ्याशी येऊन ठेपलो होतो. वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेची पात्रता भारताला २०२५ अखेरपर्यंत एकदाही मिळालेली नाही.

लहान गटात मात्र हे दार आपण अनेकदा ठोठावले. २००२ साली आपला संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि दक्षिण कोरियाकडून पराभूत झाला. २०१६ साली सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा गोव्यात भरली. रामनगरहून अनमोडचा घाट उतरून गेलेल्या प्रवाशाला जे फातोर्डा मैदान पाहावयास मिळते, तेथेच तिचा अंतिम सामना झाला व इराकने विजेतेपद पटकावले. भारताने सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी साधली, परंतु संयुक्त अरब अमिराती व इराण यांच्याकडून हार पत्करावी लागली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे यजमानपद भारताकडे आले. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला. तीनही सामने आपण हरलो. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगने केलेला गोल हा जागतिक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला.

२०१८ साली मलेशियात झालेल्या आशियाई स्पर्धेची हकीकत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. संघाचे प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस हे होते. भारताने व्हिएतनामला १-० असे हरविले, इराण व इंडोनेशिया यांना गोलशून्य बरोबरीत रोखले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. समोर पुन्हा दक्षिण कोरिया! हा सामना जिंकला असता तर भारत प्रथमच स्वबळावर जागतिक स्पर्धेस पात्र ठरला असता. निकाल लागला ०-१. संपूर्ण स्पर्धेत भारतीय संघाने एकच गोल स्वीकारला, आणि त्या एका गोलाने दार बंद झाले.

त्यानंतरच्या तुकडीचे नशीब आणखी निराळे. सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंद येथे तुर्कमेनिस्तान व बहारीन यांना प्रत्येकी ५-० असे नमवून आणि उझबेकिस्तानशी बरोबरी साधून त्या मुलांनी गटात अव्वल स्थान पटकावले. पात्रता हातात होती. परंतु करोनाच्या साथीमुळे २०२० ची आशियाई स्पर्धाच रद्द झाली. स्पर्धा पुन्हा भरू लागली तोवर त्या मुलांची वयोमर्यादा उलटून गेली होती. २०२३ साली थायलंडमध्ये भारतीय संघ गटातूनच परतला. ऑक्टोबर २०२४ मधील पात्रता फेरीत भारताने ब्रुनेईवर १३ आणि तुर्कमेनिस्तानवर ७ गोल चढविले, पण थायलंडविरुद्धचा सामना २-३ असा गमावल्याने आशियाई स्पर्धा हुकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे, पुन्हा बिबियानो फर्नांडिस यांच्याच मार्गदर्शनाखाली, विजय अनिवार्य असताना भारताने इराणला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. त्याच्या महिनाभर आधी सतरा वर्षांखालील मुलींच्या संघानेही बिश्केक येथे उझबेकिस्तानला २-१ असे नमवून आशियाई स्पर्धा गाठली, ही गोष्ट मुलींच्या पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी.

या साऱ्या निकालांतून एक बोध होतो. प्रौढांच्या संघाला पराभवानंतर तेच खेळाडू घेऊन पुन्हा उभे राहता येते. युवक संघाला ती सवलत नाही. दोन वर्षांत मुले वयाने मोठी होतात आणि संघ विसर्जित होतो. नवा संघ नव्या मुलांतून उभारावा लागतो, आणि ती मुले आज आठ-दहा वर्षांची असून कोठल्या तरी गावच्या शाळेत शिकत असतात. पंधराव्या वर्षी चेंडूवर जो ताबा दिसतो, तो दहाव्या वर्षापूर्वी पायात रुजवावा लागतो. भातशेतीत जसा तरवा जोमदार असेल तरच लावणी साधते, तसेच हे आहे.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा मैदानाकडे लोटतात. अशा वातावरणात वाढलेला अनिकेत जाधव पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. गुण मुलाचा होता. परंतु त्या गुणाला लहानपणीच मैदान, नंतर वसतिगृह व प्रशिक्षक मिळाले, यात यशाचे मर्म आहे.

याच जिल्ह्यातील अनुभव दुसरी बाजू दाखवितो. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत सिद्दी समाजातील मुलामुलींची निवड होऊन त्यांना धावण्याच्या व इतर मैदानी खेळांचे प्रशिक्षण देण्यात आले. मुलांनी चमक दाखविली. परंतु काही वर्षांतच सिद्दी मुलांसाठीचे हे काम थांबले आणि अनेकांची वाटचाल अर्ध्यावर राहिली. अंगच्या गुणांची उणीव या डोंगराळ प्रदेशात कधीच नव्हती. उणीव होती ती सातत्याची.

आणखी एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे, आणि तिला पैसा लागत नाही. ती म्हणजे वयाची खरी नोंद. युवक स्पर्धांत एका ठरावीक वर्षाच्या १ जानेवारीस किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच खेळता येते. २००९ पासून जागतिक संघटनेने सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाची चुंबकीय तपासणी सुरू केली. मनगटाजवळील हाडाचे वाढीचे टोक पूर्ण जुळलेले आढळले, तर खेळाडूचे वय सतराहून अधिक असल्याचे जवळजवळ निश्चित मानले जाते. कागदावर वय कमी लावलेला मुलगा अशा तपासणीत सापडतो व अपात्र ठरतो. उलट कागदावर वय वाढलेला मुलगा खरोखरी लहान असूनही वर्षभर आधीच गटाबाहेर जातो, आणि त्याची दादही कोणी घेत नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून लिहून मोकळे होण्याची जुनी प्रथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अशी अंदाजाने टाकलेली एक तारीख एखाद्या मुलाचे वर्ष खाऊन टाकू शकते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची खबर २१ दिवसांच्या आत देणे आवश्यक आहे. त्यानंतर विलंबशुल्क, परवानगी, स्वसाक्षांकित दस्तऐवज अशा पायऱ्या वाढत जातात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी तर जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविण्यात आला आहे. अरण्यातील दूरच्या वाडीत मूल घरी जन्माला आले, तरी त्याची नोंद मुदतीत व्हावी याकडे ग्रामपंचायत, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी मिळून लक्ष द्यावे.

मैदानाविषयीही मोठ्या अपेक्षांची आवश्यकता नाही. कापणीनंतर मोकळे पडलेले शेत, चार काठ्यांचे दोन गोल, बारा वर्षांखालील मुलांसाठी चार क्रमांकाचा लहान चेंडू आणि सात-सात जणांचे संघ एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आठवड्यातून दोन संध्याकाळ, परंतु वर्षानुवर्षे न चुकता, मुलगे व मुली दोघांनाही खेळू द्यावे. कोणाच्या पायात विशेष गुण दिसला तर शिक्षकांनी त्याचे नाव, खरी जन्मतारीख व प्रगती वहीत लिहून ठेवावी आणि तालुका क्रीडा स्पर्धेपर्यंत त्याला न्यावे.

पात्रता फेरीचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. त्यासाठी लागणारी तयारी आज प्राथमिक शाळेत बसलेल्या मुलांपासून सुरू होते, आणि ती मुले जोयडा तालुक्यातही आहेत.