भाड्याची खोली : आधी कडी, मग रंग



आज शेळीपालन नाही, शिलाई नाही, पापड-मसालाही नाही. आज आपल्या घरातल्या जास्तीच्या खोलीबद्दल बोलू या. लेक सासरी गेली, पोरगा पुण्याला कामाला लागला, दीर वेगळे राहायला गेले, की एक खोली मोकळी होते. मग तिच्यात ज्वारीची पोती, मोडकी बाज, जुने पत्रे जाऊन बसतात. काही जणी खोली भाड्यानं देतात, पण भाडेकरू टिकत नाही. चार महिने राहतो अन् सोडून जातो. मग बैठकीत ऐकू येतं, "आपल्याकडं भाडंच येत नाही बाई."

भाडं येतं, फक्त कोणाला खोली हवी आहे ते ओळखावं लागतं. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पूर्णा रेल्वेचं जंक्शन आहे. गंगाखेड, पाथरीकडं साखर कारखाने आहेत. तालुक्याच्या गावाला बँक, शाळा, दवाखाना, महावितरण असतं आणि तिथले कर्मचारी बदलून येतात. पोलीस भरतीचा, नर्सिंगचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली खेड्यांतून शहरात येतात. तुमची खोली शहराला लागून असलेल्या गावात किंवा एसटीच्या रस्त्यावर असेल, तर भाडेकरू दूर नाही.

खोली भाड्यानं द्यायची म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा रंग आठवतो. बाहेरून गुलाबी रंग, खाली चकचकीत फरशी. त्यात दहा-वीस हजार सहज जातात. भाडेकरू मात्र रंग एकदाच बघतो. कडी, पाणी, मोरी आणि ऊन यांच्याशी त्याची रोज गाठ पडते. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावा.

सगळ्यात आधी दार. आतून कडी घट्ट बसते का? बाहेरून कुलूप लागतं का? खिडकीला गज आहेत का? येण्याजाण्याच्या वाटेवर दिवा आहे का? एकट्या राहणाऱ्या मुलीचे आई-वडील खोली बघायला येतात, तेव्हा हेच बघतात. हे काम थोड्या पैशात होतं आणि खोली देण्यातला निम्मा अडसर दूर होतो.

दुसरं, संडास आणि न्हाणी. वेगळे असतील तर उत्तमच. सामाईक असतील तर दाराला आतून कडी, वरती बल्ब आणि स्वच्छतेची पाळी ठरलेली हवी. रात्री अंगण ओलांडून अंधारात जावं लागत असेल, तर कोणतीही मुलगी तिथं टिकणार नाही.

तिसरं, पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे भाडेकरूलाही माहीत असतं. त्याला साठवायला जागा हवी. वर झाकणाची टाकी, खाली एक पिंप, आणि किती दिवसांनी पाणी येतं ते आधीच खरं खरं सांगणं. खोटं सांगून दिलेली खोली उन्हाळ्यात रिकामी होते.

चौथं, ऊन. वैशाखात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी पुस्तक उघडणं शक्य होत नाही. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी वरून चुन्याचे दोन हात मारा. पत्रे असतील तर वरून पांढरा रंग द्या आणि आतून तट्ट्याचं छत घाला. समोरासमोर दोन झरोके असतील तर हवा खेळते. पंख्याची चांगली जोडणी हवी, लोंबकळत्या वायरी नकोत.

पाचवं, वीज. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा बिल असतं. खोलीला वेगळा सबमीटर बसवा. दर महिन्याला दोघांसमोर आकडा लिहा आणि आपल्या बिलात युनिटला जो भाव पडतो, तोच घ्या. त्यावर कमाई करायला गेलात तर भाडेकरू हातचा जाईल.

आता हिशोब करू. आकडे समजायला सोपे घेतले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. समजा, खोलीचं भाडं दीड हजार आहे आणि वर्षात आठ महिनेच ती भरलेली असते. वर्षाचे झाले १२ हजार. आता गटातून १५ हजारांचं कर्ज घेऊन वरची कामं केली. भाडं १८०० झालं आणि खोली अकरा महिने भरली, तर वर्षाला १९,८०० येतात, म्हणजे ७,८०० जास्त. महिन्याला शेकडा एक रुपया व्याजानं, दोन वर्षांत समान मुद्दल फेडली, तर व्याजाचे १,८७५ होतात. एकूण १६,८७५. वाढीव उत्पन्नातूनच हा खर्च सव्वीस महिन्यांत निघतो, पुढची वाढ तुमची. यात भाडं वाढलं फक्त तीनशे रुपयांनी. खरी भर पडली ती खोली तीन महिने जास्त भरलेली राहिल्यानं. रिकामा महिना आपल्याला दिसत नाही, पण तोच सगळ्यात जास्त खातो. म्हणून चांगला भाडेकरू असेल तर शंभर रुपयांसाठी त्याला घालवू नका.

आता कागदाचं. ओळखीचा आहे, गाववाला आहे, म्हणून तोंडी देऊ नका. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. त्या चुकीच्या आहेत हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. हा कायदा मुख्यतः शहरांना लागू आहे, पण खेड्यातल्या खोलीलाही कागद हवाच. अकरा महिन्यांचा करार दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा आधार वापरून ऑनलाइनही नोंदवता येतो. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळं. भाडं, अनामत, वीज, पाणी, खोली सोडायची मुदत, सगळं त्यात लिहा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका, कायद्यानं ते चालत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. खोली बघायला आलेल्याला आपल्याकडं पहिला प्रश्न काय असतो? "आडनाव काय?" आडनाव ऐकून दार लावलं जातं. शिकायला आलेली पोर अशी तीन-चार घरं फिरते आणि शेवटी गावी परतते. तिचं शिक्षण आपल्या उंबऱ्यावर थांबतं. विचारायचंच असेल तर विचारा : शिकता कुठं, काम काय, महिन्याचं भाडं देऊ शकाल ना? याच्यापलीकडं खोलीला काही माहीत असायची गरज नसते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. खोली सारवायची आपण, भाडेकरूचं दुखलं-खुपलं बघायचं आपण, गटाचा हप्ता आपल्या नावावर. आणि भाडं कोणाच्या खिशात? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे कर आकारणीच्या नोंदीत, घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं असा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे. ग्रामपंचायतीत अर्ज करा. जिथं कर्ज तुमच्या नावावर, तिथं भाडंही तुमच्या बँक खात्यात येऊ द्या आणि करारावर तुमची सही असू द्या. घरात बोलायला जड जाईल. पण हिशोबाची वही पुढं ठेवून बोललात तर भांडणापेक्षा आकडे लवकर पटतात.

पुढच्या बैठकीला एवढं करून या. रात्री दिवे मालवून आपल्या त्या खोलीत दहा मिनिटं एकट्या बसा. दार आतून लावा, बाहेर संडासापर्यंत चालत जा, परत या. जिथं तुम्हाला भीती वाटली, अडखळलात, घाम आला, ते कागदावर लिहा. पहिला रुपया तिथंच लावायचा. यादी घेऊन या, आपण मिळून भाव काढू.