वहीतला विश्वास आणि खेळातला विश्वास
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला ‘संगणक आणि आपण’ असा विषय सुचवला होता. विषय मोठा आणि आरतीची वेळ ठरलेली, म्हणून त्यातला एकच धागा घेतो. ऑनलाइन गेम पुरवणाऱ्या कंपनीकडून लोकांची माहिती चोरीला गेली, तर खेळणाऱ्यांनी तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवावा का? पुढच्या रांगेतले काही काका हसले. हा पोरासोरांचा विषय, असे त्यांना वाटले असेल. पण काका, गेमच्या खात्यावर नाव नातवाचे असले तरी पत्ता घरचा असतो, मोबाइल सूनबाईंचा असतो आणि कार्ड मुलाचे असते. चोरी झाली तर ती अख्ख्या घराची होते.

आपण ज्या नगरीत राहतो तिला हा प्रश्न जुनाच आहे. प्रयाग, काशी, गया, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री आपले पूर्वज आले की तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद करीत. गाव, कुळ, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, बरोबर कोण आले, कोणाचे श्राद्ध केले, आणि खाली सही. आजच्या भाषेत ही सगळी वैयक्तिक माहिती. कोणताही कायदा नसताना घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हाती ठेवली, कारण वही कोणाकडे आहे ते माहीत होते, ती कशासाठी आहे ते माहीत होते आणि वही सांभाळणाऱ्याचे पोट त्याच विश्वासावर चालत होते. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. भाषणाच्या शेवटी मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

आता मूळ गोष्ट. जपानच्या सोनी कंपनीचा प्लेस्टेशन हा खेळयंत्राचा प्रकार आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्यावर जगभरच्या लोकांशी खेळण्यासाठी प्लेस्टेशन नेटवर्क नावाची सेवा आहे. १७ ते १९ एप्रिल २०११ या काळात कोणीतरी या सेवेत घुसले. २० एप्रिलला कंपनीने सेवा बंद केली. लोकांना वाटले, काही बिघाड असेल. २२ तारखेला कंपनीने बाहेरून घुसखोरी झाल्याचे सांगितले. परंतु तुमची नावे, पत्ते, जन्मतारखा, ई-मेल आणि पासवर्ड गेले, हे सांगायला २६ एप्रिल उजाडला. खाती होती सुमारे ७ कोटी ७० लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ११ कोटी २४ लाख होती, त्यावरून आकाराची कल्पना यावी. पुढे सोनीच्याच दुसऱ्या गेम कंपनीची सुमारे २ कोटी ४६ लाख खाती त्यात मिळाली.

कंपनीचे म्हणणे असे की चोरी किती खोल आहे हे तज्ज्ञांकडून तपासल्याशिवाय सांगता येत नव्हते. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. संगणकातला चोर कुलूप फोडलेले मागे ठेवत नाही, त्याच्या पावलांचे ठसे नोंदींतून शोधावे लागतात. पण खेळणाऱ्यांचा राग त्या सहा दिवसांवर होता. घरात चोर शिरला असे शेजाऱ्याला आधी सांगावे, काय काय गेले ते मागाहून मोजावे, ही आपली साधी रीत आहे. तेवढ्या दिवसांत लोकांना निदान पासवर्ड बदलता आला असता, बँकेला कळवता आले असते.

१ मे २०११ रोजी टोकियोत पत्रकार परिषद झाली. काझुओ हिराई आणि त्यांचे दोन सहकारी उभे राहिले आणि जपानी रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली. अमेरिका-युरोपात सेवा मे महिन्याच्या मध्यास टप्प्याटप्प्याने सुरू झाली, जपानात आणखी उशीर लागला. ग्राहकांना काही गेम फुकट दिले आणि महिनाभराची विशेष सेवा दिली. कंपनीने खर्चाचा अंदाज १४ अब्ज येनचा सांगितला. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी अडीच लाख पौंडांचा दंड ठोठावला. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवले असते तर हे टळले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथे थोडे तांत्रिक सांगतो, भगिनींना ते आमच्यापेक्षा लवकर समजेल. शहाणी कंपनी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, दळून ठेवते. गहू दळला की पीठ होते, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड टाइप केला की कंपनी तो दळते आणि डब्यातल्या पिठाशी ताडून बघते. सोनीनेही पासवर्ड अशा रूपात होते असे सांगितले. मग चोराला काय उपयोग? चोर हुशार असतो. तो ‘१२३४५६’, ‘गणेश१२३’ असे नेहमीचे पासवर्ड स्वतः दळतो आणि चोरलेल्या पिठाशी जुळवतो. म्हणून चांगल्या कंपन्या दळताना प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगळी चिमूट मिसळतात. त्या चिमटीला संगणकवाले मीठच म्हणतात! नोव्हेंबर २०११ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेत चोरी झाली, तेव्हा पासवर्ड दळलेले आणि मीठ घातलेले होते. प्रमुख गेब न्यूएल यांनी चोरी उघडकीस आल्यावर काही दिवसांतच स्वतःच्या नावाने ग्राहकांना पत्र लिहिले. चोरी दोन्हीकडे झाली, पण सांगण्याच्या पद्धतीत फरक पडला.

२०११ च्याच ऑक्टोबरात आणखी एक प्रकार घडला. दुसरीकडून मिळवलेल्या नाव-पासवर्डांच्या याद्या कोणीतरी सोनीच्या दारावर लावून पाहिल्या आणि सुमारे ९३ हजार खाती उघडली. या वेळी कुलूप फोडले गेले नाही. लोकांनीच दहा दारांना एक किल्ली ठेवली होती.

हे परदेशातले झाले, आता आपल्या माणसांकडे येऊ. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. देशोदेशीच्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. बँकेने पत्रकारांना बोलावून सांगितले की ठेवीदारांच्या खात्यांतून काही गेलेले नाही, पैसे सुरक्षित आहेत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बँक आजही उभी आहे. बँकेत गेलेले पैसे भरून देता येतात. गेलेली जन्मतारीख मात्र कोणी भरून देऊ शकत नाही, ती जन्मभर तीच राहते. म्हणून माहितीच्या चोरीनंतरचा विश्वास अधिक अवघड.

आता घरची गोष्ट. माझा मुलगा अकरावीत आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या गेमच्या कंपनीकडून मेल आला की तुमची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. कंपनीचे नाव घेत नाही. मी तावातावाने म्हणालो, “आजच्या आज खाते बंद कर.” तो गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, मग मी ओंकारदादाशी बोलायचं कुठे?” ओंकार म्हणजे त्याचा पुण्याचा आतेभाऊ. दर रविवारी दुपारी दोघे कानाला हेडफोन लावून खेळतात आणि तासभर मराठीत भांडतात. शाळेत हिंदी, गल्लीत बनारसी बोली. माझ्या मुलाचे घराबाहेरचे मराठी त्या खेळात होते, हे मला त्या दिवशी कळले.

मग मी खाते तपासले. जन्मतारीख खरी, पत्ता खरा, कार्ड माझे. ते सगळे मीच भरून दिले होते. पासवर्ड तोच, जो माझ्या मेलला होता. मुलाला रागावण्याचा अधिकार मला उरला नाही. दोघांनी बसून पासवर्ड बदलले, कार्ड काढून टाकले, मोबाइलवर दुसरा क्रमांक आल्याशिवाय खाते उघडणार नाही अशी सोय केली. खाते ठेवले.

म्हणून मला वाटते, लोक परत आले याचा अर्थ विश्वास परत आला असा घाईने काढू नये. सोनीकडे लोक परत गेले, २०१३ मध्ये आलेले पुढचे यंत्र ११ कोटींहून अधिक खपले. पण विकत घेतलेले गेम, जमवलेली बक्षिसे आणि मित्र तिथेच अडकलेले असतील तर माणूस जाणार कुठे? भाडेकरू घर सोडत नाही एवढ्यावरून मालक चांगला ठरत नाही.

मग विश्वास ठेवावा कसा? मी चार प्रश्न विचारतो. चोरी झाल्यावर किती दिवसांत सांगितले? काय गेले हे स्पष्ट सांगितले, की ‘काही ग्राहकांची काही माहिती’ अशी भाषा वापरली? नुकसान कोणी सोसले? आणि चोरीनंतर माहिती मागणे कमी केले का? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जे ठेवलेच नाही ते चोरीला जात नाही. सोनीच्या दुसऱ्या कंपनीतून गेलेल्या माहितीत २००७ सालच्या जुन्या नोंदींतले सुमारे १२,७०० कार्ड क्रमांक होते. त्या नोंदी तोवर ठेवायची काय गरज होती?

आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. चोरी झाली तर ज्याची माहिती त्याला विनाविलंब कळवायचे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची आणि कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत, अशा तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मुंबईच्या ड्रीम११ सारख्या कंपन्यांना पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. त्या दिवशीही घरोघरी प्रश्न एकच होता, आपले शिल्लक पैसे आणि आपली ओळखपत्रे यांचे काय? फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, लाजून गप्प बसू नका.

आता वहीकडे परत येतो. वही कोणाकडे, कशासाठी आणि सांभाळणाऱ्याचे त्यात काय पणाला लागले आहे, या तीन गोष्टी माहीत असतील तिथे विश्वास ठेवावा. हे माप कंपन्यांना लावायचे तर आधी स्वतःला लावू. आपली ही स्मरणिका उघडा. मागे सभासदांची यादी असते, नाव, पत्ता, मोबाइल आणि कौतुकाने वाढदिवससुद्धा. वर्गणीची यादी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, ती पुढे कुठे जाते ते कोणालाच ठाऊक नसते. यात कोणाचा वाईट हेतू नाही, प्रेमच आहे. तरीही समितीला माझी नम्र सूचना आहे की यंदा प्रत्येक घराला विचारून मगच यादी छापावी आणि जन्मतारखा गाळाव्यात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आपण प्रत्यक्ष घरी जाऊन देऊ, त्या निमित्ताने चहाही होईल.

मुलांनो, तुम्ही खेळा, भावंडांशी मराठीत मनसोक्त भांडा. फक्त किल्ल्या वेगळ्या ठेवा आणि काही चुकले तर घरी त्याच दिवशी सांगा, सहा दिवस थांबू नका. आणि पालकांनो, पोराने सांगितले तर आधी ऐकून घ्या, रागावणे नंतर.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!