कालव्याच्या काठाकाठानं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू इंग्लंडला असतेस, तिकडचं काहीतरी सांग. फक्त सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, लोक जेवायला उठतील." म्हणून मी चालण्याबद्दल बोलणार आहे. पीटीच्या तासाला जिचं पोट हमखास दुखायचं, तीच मुलगी आज चालण्यावर बोलणार म्हटल्यावर पीटीचे सर हसताहेत, ते मला इथून दिसतंय.

घाबरू नका, ट्रेकिंगचं सांगत नाही. साठीतल्या माणसालाही सहज जमतील अशा चार-पाच किलोमीटरच्या सपाट वाटांबद्दल सांगणार आहे. तिकडच्या खेड्यांतून, शेतांच्या कडेनं आणि कालव्याच्या काठानं जाणाऱ्या.

कालवा म्हटल्यावर तुम्हाला शाळेमागचा डावा कालवा आठवला असेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझे वडील, आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सात नंबरचे फॉर्म, पाणीपाळी, चारीवरची भांडणं हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. अण्णा रोज सकाळी सायकल घेऊन भरावावरून जायचे. आणि आमच्याच घरात सगळ्यात कडक नियम होता : कालव्यावर पाऊल ठेवायचं नाही. मुलं तिथं पोहायला शिकली. आम्ही मुली पुलावरून शाळेत यायचो आणि पुलावरूनच घरी जायचो.

पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न आणि २००६ मध्ये इंग्लंड. आम्ही मिल्टन कीन्समध्ये राहतो. २०१७ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा दोन महिन्यांसाठी आले. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी घरापासून दहा मिनिटांवरचा कालवा शोधून काढला. ग्रँड युनियन कालवा. मी तिथं अकरा वर्षं राहत होते आणि त्याच्यावरचे पूल फक्त गाडीतून पाहिले होते.

अण्णा रोज सकाळी जायचे आणि रोज मला विचारायचे, "येतेस का?" मी म्हणायचे, "आज मीटिंग आहे, अण्णा. रविवारी जाऊ." दोन महिन्यांत रविवार आठ आले. मी गेले एकदाच.

त्या एका रविवारी आम्ही स्टोक ब्रुअर्न नावाच्या खेड्यात गेलो. नॉर्थॅम्प्टनशरमधलं लहानसं गाव. कालव्याच्या एका काठाला गवतानं शाकारलेलं जुनं पब, समोरच्या काठाला धान्याच्या जुन्या गिरणीत कालव्याचं संग्रहालय. खालच्या लॉकपासून चालायला लागलं की सात लॉक ओलांडत गाव लागतं, आणि पुढे ब्लिसवर्थच्या बोगद्याचं तोंड. जाऊन-येऊन साधारण चार किलोमीटर.

अण्णांनी काठावर उभं राहून पहिला प्रश्न खात्याच्या माणसाचाच विचारला. "पाणी वाहत नाही. मग भिजतं काय?" मी म्हटलं, काहीच भिजत नाही, हा मालवाहतुकीचा कालवा आहे. रेल्वेच्या आधी कोळसा, विटा, धान्य असल्या कालव्यांतून बोटीनं जायचं. लंडनपासून मिडलंड्सपर्यंतचा हा कालवा खणायला १७९३ मध्ये सुरुवात झाली आणि १८०५ मध्ये हा बोगदा उघडल्यावर तो पूर्ण झाला. बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा. त्या घोड्यासाठी केलेली वाट म्हणजे टोपाथ, आणि आज तीच माणसांच्या फिरण्याची वाट झाली आहे. कालव्यावरच्या जुन्या पुलांच्या कडांना बोटभर खोल खाचा दिसतात. वर्षानुवर्षं दोर घासून पडलेल्या. अण्णांनी अशा एका खाचेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या विहिरीच्या काठासारखंच की."

मग एक नॅरोबोट आली. सुमारे सात फूट रुंद, लांबलचक, टपावर कुंड्या आणि जळणाची लाकडं. बोट लॉकमध्ये शिरली, मागचे दरवाजे लागले, एका बाईनं हँडल फिरवून वरचं पाणी आत सोडलं आणि बोट आपसूक उचलली गेली. अण्णा शेवटपर्यंत बघत राहिले. नंतर म्हणाले, "आमचा कालवा उतारावर चालतो. हा पायऱ्यांवर उभा आहे." अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे होती, पण कळलं त्यांना. आपला कालवा पाणी पुढे जावं म्हणून उतार धरून काढलेला असतो. तिकडच्याला पाणी एका पातळीत राहायला हवं. जमीन चढली की लॉकची पायरी. आणि प्रत्येक वेळी एवढ्या मोठ्या लॉकमधून सुमारे दोन-अडीच लाख लिटर पाणी खालच्या पायरीवर जातं, म्हणून वरच्या टप्प्याला तलावांचं पाणी पुरवावं लागतं. "म्हणजे पाण्याचा हिशेब इथंही चुकत नाही," अण्णा म्हणाले. जाताना भरावाकडे बघत त्यांनी विचारलं, "इथं खेकडे भराव पोखरत नाहीत का?" मला माहीत नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा कळलं, तिकडे ते काम ससे आणि बॅजर करतात.

ब्लिसवर्थचा बोगदा २,८१३ मीटर लांब आहे आणि आत टोपाथच नाही. घोड्याला सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचे, आणि माणसं बोटीवर आडवी होऊन भिंतीला पाय लावून, भिंतीवरून चालल्यासारखी बोट पुढे ढकलायची. घोड्यांच्या टेकडीवरच्या वाटेनं आजही जाता येतं. मधूनच शेतात विटांचे मोठे धुराड्यासारखे गोल दिसतात, ते बोगद्याचे हवेचे झरोके. अण्णांना त्या वाटेनं पलीकडे जायचं होतं. मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, "पुढच्या रविवारी."

तो रविवार राहिला. २३ मार्च २०२० ला तिकडे टाळेबंदी लागली. भारताची विमानं बंद झाली. मे महिन्यात अण्णा गेले. भावानं सगळं मला फोनवर दाखवलं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकवलेला फोन, आणि मधेच गोठणारं चित्र. त्या दिवशी लोक एकमेकांच्या दारात जायला घाबरत होते, पण आपल्या वर्गातले चौघं आमच्या दारात उभे होते. त्यांची नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही. पण माझं इथं येण्याचं खरं कारण तेच आहे. तुमच्यामुळे माझा भाऊ एकटा पडला नाही. हे मला फोनवर सांगायचं नव्हतं.

तेव्हा तिथं व्यायामासाठी दिवसातून एकदा बाहेर पडायची मुभा होती. दुसऱ्या दिवशी मी घराबाहेर पडले आणि पाय आपोआप कालव्याकडे वळले. वयाच्या चाळिशीत, पहिल्यांदाच, एकटी. मग रोज. वुल्वर्टनकडून कॉसग्रोव्ह गावापर्यंत. वाटेत ग्रेट ऊझ नदीवरून कालवा लोखंडी कुंडातून पलीकडे जातो. खाली नदी, वर कालवा, बाजूनं आपण. आधीचा विटांचा जलसेतू १८०८ मध्ये कोसळला, मग १८११ मध्ये हा बिडाचा झाला. अण्णा असते तर म्हणाले असते, म्हणजे बांधकामं तिकडेही पडतात! कॉसग्रोव्हमध्ये कालव्याखालून जाणारा एक बुटका बोगदा आहे, गावाच्या एका बाजूच्या माणसानं दुसऱ्या बाजूला जावं म्हणून. सुरुवातीला मी चालताना रडायचे. तिकडे समोरून येणारा माणूस 'मॉर्निंग' म्हणतो आणि पुढे जातो, काही विचारत नाही. मला ते बरं वाटायचं. मे सरेपर्यंत हॉथॉर्नचा पांढरा बहर झडला, ऑगस्टमध्ये कुंपणाला ब्लॅकबेरी आल्या, तेव्हा कधीतरी रडणं थांबलं आणि मी पुलांचे नंबर मोजायला लागले.

आता थोडं उपयोगाचं, कारण आपल्या वर्गातल्या काही जणांची मुलं तिकडे शिकायला आहेत. भूगोलाच्या सरांनी समोच्च रेषा शिकवल्या तेव्हा 'ह्याचा काय उपयोग' म्हणून कुरकुरणाऱ्यांत मी पुढे होते. सर, माफ करा. तिकडच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि हिरव्या तुटक रेषा म्हणजे पायवाटा. ह्या पायवाटा खासगी शेतातून जातात आणि तरी त्यावरून चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९३२ मध्ये किंडर स्काउट डोंगरावर शेकडो लोक बंदी मोडून चढले, त्यांतल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. १९४९ च्या कायद्यानं अशा वाटांची नोंद नकाशावर करणं बंधनकारक झालं. शेतकऱ्याचं फाटक जसं असेल तसंच ठेवून जायचं, वासरांसोबतच्या गायींपासून लांब राहायचं. बूट चिखलाचेच घाला. नेटल नावाची वनस्पती म्हणजे आपल्या खाजकुइलीची चुलत बहीण, तिला हात लावू नका. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून वुल्वर्टनला तासाभरात पोहोचता येतं. मुलांना माझा नंबर द्या. चहाचा थर्मास मी आणीन.

ब्लिसवर्थच्या टेकडीवरच्या घोड्यांच्या वाटेनं मी पलीकडे गेले, पण २०२१ मध्ये, आईला घेऊन नाही आणि अण्णांना घेऊन तर नाहीच. वाट सोपी होती. तासभराची. तेवढा वेळ त्या रविवारीही माझ्याकडे होता, हे मला पलीकडच्या टोकाला पोहोचल्यावर कळलं.

म्हणून एक विनंती. उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या मागच्या फाटकाशी या. सध्या आवर्तन चालू आहे, कालव्याला पाणी आहे. भरावावरून पुढच्या पुलापर्यंत जाऊ आणि परत येऊ. सर, बाई, तुम्हीही या, आम्ही तुमच्या चालीनं चालू. मुलींनो, तुम्ही तर याच. ह्या काठावर आपल्याला कोणी येऊ दिलं नव्हतं. आणि 'पुढच्या मेळाव्याला नक्की' असं कृपा करून कोणी म्हणू नका.